निघालेली चिठ्ठी फाडतात का?

आमच्या गल्लीतली भिशी माझ्या घरी निघते, कारण डबा माझा. स्टीलचा, कडीचा. पूर्वी त्यात शेंगाचटणी असायची, अजूनही झाकण काढलं की लसणाचा वास येतो. दर महिन्याला बायका जमतात, ठरलेले पैसे देतात, ज्यांची अजून लागली नाही त्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या डब्यात, आणि जिचं नाव निघेल तिनं त्या महिन्याची सगळी रक्कम न्यायची. निघालेली चिठ्ठी मी तिथल्या तिथं, सगळ्यांच्या समोर टराटरा फाडते. हा माझा नियम. एकदा फाडायची राहिली, डब्यात परत गेली आणि पुढच्या महिन्यात त्याच बाईचं नाव पुन्हा निघालं. अगं बाई, काय ते भांडण! ती म्हणे, माझं नशीब. बाकीच्या म्हणे, नशीब गेलं खड्ड्यात, चिठ्ठी आत कशी आली ते सांगा. तेव्हापासून फाडते आणि तुकडे चहाच्या चोथ्यात टाकते, म्हणजे कुणाला शंका नको.

हे आधी सांगायचं कारण, पुढं जे झालं ते सगळं या फाडण्यावर येऊन थांबलं.

माझ्या थोरल्या जाऊबाई वरच्या मजल्यावर राहतात. अख्खी गल्ली त्यांना अक्का म्हणते, मीही. माहेर माढ्याकडचं, बोलणं अजून तिकडचंच. दीर गेल्यावर त्यांनी टॉवेलच्या कारखान्यात काम धरलं. टॉवेलच्या कडा दुमडून शिवायच्या, घड्या घालायच्या. बसायची जागा मागांना लागूनच. मागांचा खडखडाट ज्यांनी ऐकलाय त्यांना सांगायला नको आणि ज्यांनी ऐकला नाही त्यांना सांगून कळायचं नाही. वर्षानुवर्षं त्या खडखडाटात बसून अक्कांचे दोन्ही कान गेले. सगळे नाही, पण जवळपास. आपण ओरडून बोललो तर ऐकू येतं, आणि ओरडून बोललं की माणसाला वाटतं आपल्यावर कुणी चिडलंय. मी तर तशीही चिडकीच.

डॉक्टर म्हणाले, दोन्ही कानांना मशीन बसवा. नवी पेठेतल्या दुकानात जाऊन आम्ही किंमत विचारली आणि आल्या पावली पायऱ्या उतरलो. मग अक्कांनीच हिशोब जमवला. एका कानाचे त्यांनी कारखान्यातून साठवलेले होते. दुसऱ्या कानाचे भिशीतून येणार होते. "एक कान कारखान्याचा, एक तुज्या डब्याचा," असं म्हणून हसल्या होत्या.

आता भिशीत नाव कधी निघेल ते कुणाच्या हातात नसतं. महिने चालले होते आणि अक्कांची चिठ्ठी काही निघेना. त्या दर वेळी येऊन बसायच्या, भिंतीला टेकून. बायका शेंगा फोडत, हसत, एकमेकींच्या सासूचं उणंदुणं काढत. अक्का सगळ्यांच्या तोंडाकडं बघायच्या आणि मग हळूच फोन काढायच्या. मला वाटायचं नातवाचे फोटो बघत असतील.

एका दुपारी मी शाळेचे गणवेश शिवत बसले होते आणि अक्का शेजारी खुर्चीवर. त्यांच्या फोनवर सोन्याच्या मोहरांचा पाऊस पडला. पडला म्हणजे अगदी धो धो. मी मशीन थांबवली.

"काय लागलं?" मी ओरडले.

"चार रुपये," अक्का म्हणाल्या. लाजून.

"आणि लावले होते किती?"

"धा."

मी पुन्हा विचारलं. दहा लावले, चार आले. म्हणजे सहा गेले, आणि वर मोहरांचा पाऊस! आमच्याकडं सहा रुपये गेले तर माणूस कपाळाला हात लावतो. या खेळात फटाके वाजवतात. मला राग यायच्या आधी नवल वाटलं, खरं सांगते. मला ही खोडच आहे. मिक्सर बंद पडला की दुरुस्तीवाल्याकडं न्यायच्या आधी मी तो उघडून बघते. आत काय फिरतं, काय अडतं, हे कळल्याशिवाय माझा जीव शांत होत नाही.

तर तो खेळ असा. पडद्यावर चित्रांचे उभे पट्टे. आंबा, घंटा, हिरा, सिंह. बटण दाबलं की पट्टे गरगरा फिरतात आणि थांबतात. एका ओळीत सारखी चित्रं आली की पैसे. तीन हवी असतील तर दोन हमखास येतात आणि तिसरं डोळ्यांसमोरून खाली सरकून जातं. अक्का दर वेळी "अगं अगं अगं" करायच्या, गाडी चुकल्यासारख्या. कुणीतरी फोनवर लिंक पाठवलेली. आता म्हणे यावर बंदी आहे, पण लिंका काय, येतच राहतात.

मग हळूहळू बाकीचं बाहेर आलं. साठवलेला कान त्या खेळात गेला होता. सगळा.

मी एवढ्यांदा ओरडले की समोरची वहिनी गॅलरीत आली. अक्का मात्र शांत. उलट मलाच समजावू लागल्या.

"गेले न्हाईत गं. अडकलेत. हे बग, हितं लिवलंय." त्यांनी खेळातलं माहितीचं पान उघडून दाखवलं. इंग्रजी होतं, पण आकडा तर कुणालाही कळतो. परतावा, शहाण्णव टक्के. "शंभरातले शहाण्णव परत येत्यात. मला अजून आलं न्हाईत. मंजी यायचं हायत."

 खोटं कशाला बोलू, मला ते पटलं.

"तुज्या भिशीत माजी चिट्टी निगाली का अजून? न्हाई. मंजी कुटं हाय ती? डब्यातच हाय की! जितकं थांबावं तितकं जवळ येतंय. तसंच हाय हे."

इतकी वर्षं भिशी चालवणारी बाई मी, मला याहून सरळ काय वाटणार? थांबलेल्याला मिळतंच. आमच्या डब्यानं कुणालाही रिकाम्या हातानं घरी पाठवलेलं नाही. शहाण्णव काय, आमच्याकडं शंभरातले शंभर परत येतात. मग फोनवाल्यानं चार ठेवून घेतले तर घेऊ देत, त्याचंही पोट आहे.

"आनि हे बग," अक्कांनी बोट ठेवलं. शहाण्णवच्या खाली विजेच्या पाच खुणा होत्या, पाचही पिवळ्याधमक. "पाच इजा. लई जोर हाय ह्या खेळात."

या विजा कसल्या, ते काही मला कळलं नाही. तो किडा डोक्यात वळवळायला लागला. त्या आठवड्यात मी गणवेशाला बटणं लावता लावता दुसऱ्या हातानं फोनवर शोधत होते. एका चड्डीला चुकून पुढं खिसा लावला. भाषांतर करणाऱ्या ॲपनं त्या शब्दाचं 'अस्थिरता' केलं. ते वाचून तर आणखीच काही कळेना. पुढं एका ठिकाणी जरा सोपं लिहिलं होतं. एक खूण म्हणजे थोडे थोडे पैसे पुन्हा पुन्हा येणार. पाच खुणा म्हणजे खूप वेळ काहीच येणार नाही आणि कधीतरी एकदम मोठं येईल. परतावा मात्र दोन्हीकडं तोच, शहाण्णव.

आता हे कसं काय? दोन्हीकडं शहाण्णव, तर फरक कुठं? मी मेथी निवडताना विचार करत होते, देवाला दिवा लावताना विचार करत होते.

मग भिशीचा दिवस आला. डब्यात दोनच चिठ्ठ्या उरलेल्या, अक्कांची आणि समोरच्या वहिनीची. वहिनींचं निघालं. घरात तेलुगु बोलणारं कुटुंब त्यांचं, आनंदानं "अय्यो" म्हणून त्यांनी गालावर हात ठेवले. अक्का फोनमधून वर बघून हसल्या. पुढच्या महिन्यात डब्यात एकच चिठ्ठी, म्हणजे पैसे त्यांचेच. ते अगदी पक्कं. बायका म्हणाल्या, अक्का, आता दुसरा कानही आला! पहिला कान गेलाय हे त्यांना कुठं माहीत होतं.

आणि अक्का मला, आपल्याला वाटतं त्या हळू बोलल्या, पण अख्ख्या खोलीला ऐकू गेलं, "पुडच्या म्हैन्यात हे समदं एकदम लावते. पयला कान सोडवून आनते."

वहिनींची चिठ्ठी माझ्या हातात होती. मी ती फाडली. आणि फाडता फाडता हात थांबला.

त्या खेळात निघालेली चिठ्ठी फाडतात का?

सगळ्या बायका गेल्या, चहाचे कप तसेच पडलेले, मी डबा मांडीवर घेऊन बसले. आमच्या डब्यात थांबलेल्याचं जवळ येतं, कारण निघालेली प्रत्येक चिठ्ठी मी फाडते. आतल्या कमी कमी होत जातात. पण ती फाडली नाही, परत आत टाकली, तर? एकदा तसं झालंच होतं की! तेव्हा ज्या बाईचं नाव दोनदा आलं, तिला डब्यानं ओळखलं नव्हतं. आणि जी वर्षभर थांबली होती तिचीही दया डब्याला आली नव्हती. डब्याला काय, आत जेवढ्या चिठ्ठ्या तेवढ्याच. फोनमधल्या चित्रांचं तेच. प्रत्येक वेळी सगळी चित्रं परत आत.

हे अक्कांना ओरडून कसं सांगणार? सांगायचा प्रयत्न केला. जिन्यातून, गच्चीवरून, स्वयंपाकघरातून. माझा घसा बसला आणि त्यांना वाटलं मी पैशावरून भांडतेय. दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. जेवायला खाली आल्या आणि ताटाकडं बघून जेवून गेल्या.

तेव्हा मी ठरवलं, बोलायचंच नाही. करून दाखवायचं.

समोरच्या वहिनींना बोलावलं. दोन डबे घेतले, एक भिशीचा, एक त्याच्याच जोडीचा. दोन्हींत पंचवीस पंचवीस चिठ्ठ्या. पहिल्या डब्यातल्या बारा चिठ्ठ्यांवर मी 'दोन' लिहिलं, बाकी कोऱ्या. दुसऱ्या डब्यातल्या एकाच चिठ्ठीवर 'चोवीस' लिहिलं, बाकी सगळ्या कोऱ्या. दोघींसमोर भाजलेल्या शेंगदाण्यांच्या वाट्या ठेवल्या आणि माझ्यासमोर परात. नियम एवढाच की एक दाणा परातीत टाकायचा, एक चिठ्ठी काढायची, वर जेवढं लिहिलं असेल तेवढे दाणे मी द्यायचे. आणि चिठ्ठी परत आत. हे मी हातानं तीनतीनदा करून दाखवलं. परत आत. डबा हलवायचा.

दोन्ही डब्यांत पंचवीस चिठ्ठ्या, प्रत्येकात मिळून चोवीस दाणे. पंचवीस टाकून चोवीस परत, म्हणजे शंभराला शहाण्णव. हे जुळवायला मला एक अख्खी दुपार लागली होती आणि मी स्वतःवर बेहद्द खूष होते.

वहिनींनी पहिला डबा घेतला. दोन मिळाले, काही नाही, काही नाही, दोन, दोन, काही नाही. वाटी जरा भरायची, जरा उतरायची. त्या गप्पा मारत खेळत होत्या. अक्कांनी दुसरा डबा ओढला. "पाच इजांचा हा," मी पाच बोटं दाखवली. त्यांना बरोबर कळलं.

कोरी. कोरी. कोरी. अक्का जरा पुढं सरकून बसल्या. कोरी. मग चिठ्ठी काढायच्या आधी त्या डब्यात हात फिरवायला लागल्या, तांदळात खडा शोधावा तसा. कोरी. वहिनींनी गंमत म्हणून अक्कांच्या डब्यातली अजून एक चिठ्ठी उघडून बघितली, तर नेमकी चोवीसची. "अय्यो अक्का! हिच्या शेजारीच होती बघा!" अक्कांना शब्द ऐकू आले नसतील, पण चिठ्ठी दिसली. त्यांनी दोन्ही हातांनी कपाळ धरलं. त्यांचा चेहरा अगदी तसा झाला, जसा सिंहाचं तिसरं चित्र खाली सरकून गेल्यावर व्हायचा. 

वाटी संपली. मी भरून दिली. मध्ये एकदा लागलंही त्यांना चोवीस! घर डोक्यावर घेतलं आम्ही. शेंगदाणे उधळले, वहिनींनी टाळ्या वाजवल्या. मला धसका बसला की आता झालं, माझा सगळा खटाटोप पाण्यात. पण अक्का थांबल्या का? छे. लागलं म्हणजे आता जोर आलाय, असं म्हणून पुन्हा दाणे टाकायला लागल्या. तेही परातीत आले.

वहिनींची वाटी तोवर निम्म्यावर आलेली. त्या चकित होऊन वाटीकडं बघत होत्या. "मी तर मजेत खेळत होते की. गेले कधी?"

ते मलाही तेव्हाच दिसलं. शहाण्णव टक्के म्हणजे शंभर घेऊन गेलात आणि शहाण्णव घेऊन घरी आलात, असं नव्हे. आलेले शहाण्णव पुन्हा लावले की त्यातलेही थोडे गेले. उरलेले पुन्हा लावले, पुन्हा थोडे गेले. तेल एका भांड्यातून दुसऱ्यात ओतलं की जरासं भांड्याला राहतंच. ओतत राहिलं तर शेवटी भांडीच तेलकट, तेल कुठाय? एका डब्यात हे सावकाश होतं आणि दुसऱ्यात दणक्यानं, एवढाच त्या विजांचा फरक. जाणार परातीतच. आणि ते शहाण्णव कुणाला मिळतात, तर खेळणाऱ्या सगळ्या दुनियेला मिळून. त्यात अक्कांच्या वाट्याला काय, हे त्या पानावर कुठंच लिहिलेलं नव्हतं. आणि लिंक पाठवणाऱ्यानं शहाण्णव तरी खरं लिहिलंय कशावरून? माझ्या डब्यातल्या चिठ्ठ्या मोजता येतात. त्याच्या कोण मोजणार?

माझ्या मात्र अक्कांनी मोजल्याच. शेवटी त्यांनी आपला डबा उचलला आणि चटईवर पालथा केला. संशय होता ना, मी चोवीसची काढून घेतली असेल. एकेक चिठ्ठी उघडून मांडत गेल्या. सगळ्यांत शेवटी नाही आणि पहिल्यांदाही नाही, कुठंतरी मध्येच ती निघाली. अक्कांनी ती उलटीपालटी करून बघितली. मग सगळ्या चिठ्ठ्या डब्यात भरल्या, झाकण लावलं आणि वर गेल्या.

त्या काय समजल्या, समजल्या का, मला काही कळलं नाही.

पुढच्या भिशीला मी एकट्या चिठ्ठीचा डबा नुसता रीत म्हणून हलवला, अक्कांचं नाव वाचलं आणि पैसे त्यांच्या हातात दिले. बायकांनी टाळ्या वाजवल्या. मी चिठ्ठी फाडली. पैसे त्यांचे, घाम त्यांचा, कारखान्यात गेलेले कान त्यांचे. मी कोण अडवणारी? पण जीव नुसता टांगणीला लागला होता. वरच्या मजल्यावर खुर्ची सरकली तरी मी छताकडं बघत होते. भाजी करपली.

सकाळी अक्का खाली आल्या. अंगावर बाहेर जायची साडी, हातात पिशवी.

"चल. नवी पेटंत."

मी बोटांनी विचारलं, किती उरलेत?

"समदं हायत." त्या पायरीवर बसून चप्पल घालू लागल्या. "बोट ठिवलं व्हतं बटनावर. मग तुजी ती चोवीसची चिट्टी आटवली. व्हती की डब्यातच. पर ती काय माजी वाट बगत बसली नव्हती."

 मी आत जाऊन उगाचच तोंड धुतलं आणि बाहेर येऊन "चला लवकर, ऊन होईल" म्हणून त्यांच्यावरच ओरडले.

दोन कानांपैकी एकाचंच मशीन आलं. उजव्या. दुकानातून बाहेर पाऊल टाकलं आणि नवी पेठ सगळी त्यांच्या कानात शिरली. रिक्षांचे भोंगे, कापडवाल्यांच्या हाका, कुणाचं तरी रडणारं पोर. अक्कांनी माझा दंड घट्ट धरला. "आगं आय आय आय! लोक एवढं वरडत्यात का गं?" मी हळू आवाजात म्हटलं, "रोजच ओरडतात." त्यांनी चटकन वळून बघितलं. मी हळू बोलले होते आणि त्यांना ऐकू आलं होतं.

मग नवीन फेरीची पहिली भिशी. अक्का नेहमीच्या जागी, भिंतीला टेकून. मशीन केसांआड, त्यावर पदर. कुणाला पत्ता नाही. फोन आणलाच नव्हता. पुढ्यात शेंगा घेऊन फोडत बसलेल्या. अक्कांच्या समोर बसून अक्कांबद्दल बोलायची सवय आमच्याकडं सगळ्यांनाच लागलेली. शेजारची एक बाई दुसरीला अगदी सहज, आवाज न चोरता म्हणाली, "पैसे बुडवले म्हणे हिनं त्या मोबाईलच्या खेळात. सगळे."

अक्कांनी मान वर केली नाही. हातातली शेंग फोडली, दाणे काढले, एक तोंडात टाकला.

"समदं न्हाय," त्या म्हणाल्या. "एक कान वाचवला की."

 त्या बाईचा हात कपाकडं गेलेला तसाच राहिला. बाकीच्या डोळे फाडून अक्कांकडं बघत होत्या. प्रत्येकीच्या तोंडावर दिसत होतं की ती मनातल्या मनात आठवतेय, आज आल्यापासून मी काय काय बोलले?

"आता माजी चिट्टी टाक," अक्का मला म्हणाल्या, "डाव्या कानाची."

मी त्यांचं नाव लिहिलं, घडी घातली, सगळ्यांना दाखवून डब्यात टाकली आणि झाकण लावून डबा हलवला. अक्कांनी उजवा कान जरा पुढं केला.